शेक घ्यावा, पण विचारून

आमच्या बिदर-कलबुर्गीकडील खेड्यांतून दुखणी दोन प्रकारची मानली जातात. गुडघे, दमा, मोतीबिंदू ही पारावर बसून सांगावयाची. लघवीची आणि शौचाची मात्र मनातच ठेवावयाची. आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात आणि गावातही सारे दादा म्हणतात, ते अडुसष्ट वर्षांचे होईपर्यंत या दुसऱ्या प्रकारच्या दुखण्याविषयी आमच्यापाशी एक अक्षरही बोलले नव्हते. रात्रीतून चार-पाच वेळा उठावे लागते, धार बारीक झाली आहे, भालकीहून बिदरला बसने यावयाचे म्हटले तरी मनात धास्ती असते, हे सर्व त्यांनी दोन वर्षे वयाच्या खात्यावर टाकले. आम्ही सरकारी शाळेचे मुख्याध्यापक, मुलांना आरोग्याचे धडे देणारे. परंतु सख्ख्या भावाच्या घरात काय चालले आहे हे आम्हांस वहिनींच्या तोंडून, तेही अर्ध्या वाक्यात कळले.

“भावजी, हे रात्रभर उठबस करतात. मला काही सांगत नाहीत. तुम्ही विचारून पाहा,” एवढेच त्या म्हणाल्या.

मग रक्ताची पी.एस.ए. ही तपासणी झाली, एम.आर.आय. झाला, सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यात आले. निदान प्रोस्टेटचा, म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग असे आले. हाडांत पसरलेला नव्हता. परंतु अधिक जोखमीच्या वर्गातील होता. किरणोपचार घ्यावे लागतील असे डॉक्टरांनी सांगितले. आमच्याकडे किरणोपचारास कोणी ‘लाईट’ म्हणतात, कोणी ‘शेक’ म्हणतात. आणि सारे शेक सारखेच अशी सर्वांची समजूत असते. तसे नाही, हे आम्हांस पुढील दोन महिन्यांत शिकावे लागले. आम्ही मराठीचे शिक्षक. वैद्यकाचा आम्हांस अधिकार नाही. डॉक्टरांना विचारून, त्यांनी दाखविलेले वाचून आणि घरात सोसून जे समजले ते येथे मांडीत आहोत. कारण हे दुखणे काही आमच्या एकट्याच्या घरातले नव्हे.

शेजारच तसा आहे

ही ग्रंथी अक्रोडाएवढी. वर मूत्राशय, मागे अगदी चिकटून मलाशयाची पुढची भिंत, दोन्ही बाजूंना दांपत्यजीवनाशी संबंध असलेल्या नाजूक नसा, आणि मूत्रनलिका तर ग्रंथीच्या पोटातूनच गेलेली. दाटीच्या गल्लीत एका घराला लागलेली आग विझवावयाची म्हटले की शेजारच्या भिंती भिजणारच. तसेच येथे होते. किरण कितीही नेमके असले तरी त्यांचा काही अंश शेजाऱ्यांना लागतो. म्हणून कोणताही किरणोपचार घ्या, दुष्परिणामांची नावे तीच राहतात : लघवीचा त्रास, शौचाचा त्रास आणि पौरुषाची हळूहळू होणारी हानी. कोणता त्रास किती होईल आणि केव्हा होईल, एवढ्यातच पद्धतीपद्धतींत फरक असतो.

हा ‘केव्हा’ फार महत्त्वाचा. काही त्रास उपचार चालू असतानाच होतात. मूत्राशयाच्या व आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी भराभर बदलत असतात, त्यांना किरणांचा तडाखा आधी बसतो. जळजळ, वारंवार लघवी, पातळ शौच सुरू होते आणि अस्तर नवे आले की बहुतेकांचे थांबते. दुसरे त्रास महिन्यांनी, कधी वर्षांनी येतात. बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बिघडतात, पेशीजाल घट्ट होत जाते, आणि सारे विसरून गेल्यावर एखाद्या दिवशी शौचात किंवा लघवीत रक्त दिसते. पहिल्या प्रकाराची लोक भीती धरतात. दुसऱ्याची त्यांना माहितीच नसते.

सल्ले पुष्कळ

दादांचे निदान गावात कळताच सल्ल्यांना तोटा राहिला नाही. १९५६ पूर्वी आमचा हा मुलूख हैदराबाद संस्थानात व पुढे त्या राज्यात होता. जुन्या माणसांचे पाय अजून आपसूक हैदराबादकडे वळतात. कोणी सोलापूर सांगितले, कोणी बार्शी, कोणी कलबुर्गीतील किडवाई संस्थेचे केंद्र, कोणी थेट मुंबई. कोणी म्हणाले, “कापून टाका, कटकट जाईल.” कोणी म्हणाले, “आता पाच दिवसांचा लाईट निघाला आहे.” एका पुतण्याने प्रोटॉनचे नाव काढले. प्रत्येकाला उपचाराचे नाव ठाऊक होते. त्यानंतर काय होते हे कोणालाच ठाऊक नव्हते. म्हणून एकेक सल्ला घेऊन आम्ही त्याची चौकशी केली.

कापून टाकल्याने कटकट जाते काय? ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा एक मोठा प्रयोग झाला. रोग ग्रंथीपुरताच असलेल्या १६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले : शस्त्रक्रिया, किरणोपचार, किंवा केवळ सक्रिय देखरेख. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत सुमारे तीन टक्के किंवा त्याहून कमी निघाले. त्रासांत मात्र अंतर पडले. बाराव्या वर्षी लघवी झिरपते म्हणून पॅड वापरावे लागणारे शस्त्रक्रियेच्या गटात २४ टक्के होते, किरणोपचाराच्या गटात ८ टक्के. उलट शौच नकळत झिरपण्याची तक्रार किरणोपचारानंतर १२ टक्के जणांत, तर शस्त्रक्रियेनंतर ६ टक्के जणांत होती. पौरुषाची हानी दोहोंत होते. शस्त्रक्रियेत ती एकदम होते, किरणोपचारात सावकाश. कटकट जात नाही. ती एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. हे आकडे कमी व मध्यम जोखमीच्या रोगाचे आहेत आणि तेव्हाची यंत्रे आजच्याहून जुनी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दिवस थोडे, त्रास जास्त काय?

पूर्वी किरणोपचार सात-आठ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालत. खेड्यातल्या माणसाला दोन महिने शहरात राहणे हाच मोठा दुष्परिणाम. रोजची मात्रा वाढवून दिवस कमी केले तर शेजारच्या अवयवांचे काय होईल, हा प्रश्न होता. ब्रिटनमधील ‘चिप’ या प्रयोगात ३२१६ पुरुषांवर तो तपासला गेला. ३७ दिवसांत ७४ ग्रे (किरणांची मात्रा या एककात मोजतात) देण्याऐवजी २० दिवसांत ६० ग्रे दिले. पाच वर्षांनी रोगाचा ताबाही तितकाच चांगला होता आणि उशिराचे त्रासही सारखेच होते. फरक एवढाच, की शौचाचा त्रास चार-पाच आठवड्यांतच शिगेला पोहोचला. लांब उपचारात तो सात-आठ आठवड्यांनी पोहोचत असे. २०१६ साली हा निकाल आल्यापासून चार आठवड्यांचा उपचार पुष्कळ ठिकाणी रूढ झाला.

पाच दिवसांच्या शेकाची गोष्ट याच्या पुढची. ‘पेस-बी’ या प्रयोगात कमी व मध्यम जोखमीच्या ८७४ पुरुषांमध्ये पाच बैठकांचा उपचार नेहमीच्या उपचाराशी ताडून पाहिला. २०२४ साली आलेल्या निकालात पाच वर्षांनी दोन्ही गटांतील ९५ टक्क्यांच्या आसपास पुरुष रोगाच्या पुनरागमनापासून मुक्त होते. शौचाचा त्रास दोहोंत दहा टक्क्यांच्या घरात, म्हणजे सारखा. परंतु औषध घ्यावे लागेल इतपत किंवा त्याहून अधिक लघवीचा त्रास पाच वर्षांत कधी ना कधी झालेले पाच बैठकांच्या गटात २६.९ टक्के होते, नेहमीच्या गटात १८.३ टक्के. ज्याला मुंबईत महिनाभर राहणे परवडत नाही त्याला हा सौदा मान्य होण्याजोगा आहे. ज्याला आधीच लघवीचा फार अडथळा आहे त्याने दोनदा विचार करावा. दादांचा रोग अधिक जोखमीचा असल्याने हा निकाल त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

आतून शेक देण्याचीही रीत आहे. तांदळाएवढे किरणोत्सर्गी आयोडीनचे दाणे ग्रंथीत कायमचे पेरतात, किंवा पोकळ सुयांवाटे इरिडियमचा प्रखर स्रोत काही मिनिटे आत नेऊन परत काढतात. बाहेरच्या शेकाने माणूस किरणोत्सर्गी होत नाही. नातवाला मांडीवर घेण्यास कोणतीच हरकत नाही. दाणे पेरले असतील तर मात्र काही काळ गरोदर स्त्रिया व लहान मुले यांच्यापासून अंतर ठेवावयास सांगतात. त्या आयोडीनची शक्ती सुमारे साठ दिवसांत निम्मी होते. कॅनडातील एका प्रयोगात बाहेरच्या शेकाला दाण्यांची जोड दिली, तेव्हा रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. परंतु पाच वर्षांत लघवीचा गंभीर त्रास १८.४ टक्के जणांना झाला, केवळ बाहेरून शेक घेतलेल्यांत ५.२ टक्के जणांना. पुतण्याच्या प्रोटॉनचे म्हणाल, तर खारघरच्या टाटा केंद्रात ते यंत्र आले आहे. परंतु अमेरिकेत प्रोटॉन व आधुनिक क्ष-किरण यांची तुलना केली, तेव्हा प्रोस्टेटच्या रुग्णांना शौचाच्या त्रासात काही फरक आढळला नाही. नाव मोठे म्हणून त्रास कमी असे होत नाही.

परळचा हिशेब

दादांसारख्यांचा नेमका प्रश्न ज्यात तपासला गेला तो प्रयोग आपल्या मुंबईतलाच, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातला आहे. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाची पायरी आमच्या भागातील किती कुटुंबे चढली असतील याची गणती नाही. अधिक जोखमीच्या रोगात केवळ ग्रंथीला शेक द्यावा, की ओटीपोटातील लसिकाग्रंथींनाही द्यावा, हा तो प्रश्न. डॉ. वेदांग मूर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ ते २०१७ या काळात २२४ रुग्ण घेतले. सर्वांना आधुनिक नेमक्या पद्धतीने २५ दिवसांत ग्रंथीला ६८ ग्रे दिले. निम्म्यांना त्याच दिवसांत ओटीपोटालाही ५० ग्रे दिले.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार, पाच वर्षांनी पी.एस.ए. पुन्हा न वाढलेले रुग्ण मोठ्या क्षेत्राच्या गटात ९५ टक्के होते आणि लहान क्षेत्राच्या गटात ८१.२ टक्के. ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी, की उशिराचा मध्यम वा अधिक लघवीचा त्रास मोठ्या क्षेत्रात २० टक्के जणांना झाला, लहान क्षेत्रात ८.९ टक्के जणांना. शौचाच्या त्रासात ठाम म्हणावा असा फरक नव्हता, आणि तोपर्यंत एकूण आयुर्मानातही नव्हता. अशाच प्रश्नावरील पूर्वीच्या परदेशी प्रयोगांत असा स्पष्ट लाभ दिसला नव्हता. त्यामुळे सर्व तज्ज्ञांचे यावर एकमत नाही. परंतु आम्हांस हा हिशेब समजण्याजोगा वाटला : शंभर माणसांमागे सुमारे चौदा अधिक जण रोगाच्या पुनरागमनापासून वाचतात आणि सुमारे अकरा अधिक जणांना लघवीचा त्रास जडतो.

दादांनी सारे ऐकून घेतले. ते सातवीपर्यंत शिकलेले. परंतु तुरीचा आणि सोयाबीनचा हिशेब पन्नास वर्षे त्यांनी केला आहे. त्यांनी एकच विचारले, “डॉक्टर, त्रास म्हणजे काय? पडून राहावे लागेल का?”

“नाही. पुन्हापुन्हा जावे लागेल, कदाचित गोळी चालू ठेवावी लागेल. क्वचित रक्त जाते.”

“शेताच्या बांधापर्यंत चालता येईल?”

“येईल.”

“मग मोठा द्या.”

पौरुषाविषयी दादांनी काही विचारले नाही. डॉक्टरांनी आपण होऊन, दोघांकडे पाहून सांगितले. वहिनी म्हणाल्या, “आम्हांला आता नातवंडे आहेत.” दादा काहीच बोलले नाहीत. ते मौन कशाचे होते हे आम्हांस आजही सांगता येणार नाही. परंतु डॉक्टरांनी तो विषय काढला हे योग्यच केले, असे आम्ही समजतो.

शेकाबरोबर दादांना संप्रेरक रोखणारी इंजेक्शनेही सुरू झाली. अधिक जोखमीच्या रोगात ती सुमारे दोन वर्षे चालतात. याचे खाते वेगळे ठेवावे. अंगातून गरम वाफा निघणे, थकवा, चिडचिड, कामेच्छा मावळणे, स्नायू गळणे, हाडे ठिसूळ होणे हे या इंजेक्शनांचे परिणाम. लोक ते शेकाच्या माथी मारतात. चालणे, थोडे वजन उचलण्याचे व्यायाम आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने कॅल्शियम यांचा यात उपयोग होतो.

पंचवीस दिवस

उपचार एका मोठ्या शहरात झाले. आम्ही दिवाळीच्या सुटीत व पुढे रजा काढून त्यांच्याबरोबर धर्मशाळेत राहिलो. रोज सकाळी शौच साफ करून जावयाचे, ठरावीक पाणी प्यावयाचे आणि मूत्राशय भरेपर्यंत बाकावर थांबावयाचे. मूत्राशय भरलेले असले म्हणजे त्याचा बराच भाग व आतडी किरणांच्या वाटेतून वर सरकतात. मलाशय रिकामे असले म्हणजे ग्रंथी रोज एका जागी सापडते. जो माणूस दोन वर्षे लघवी धरून ठेवण्याच्या भीतीने बसमध्ये चढत नव्हता, त्याला रोज तासभर ती धरून ठेवावयाची शिक्षा झाली. तरीही एकदाच त्यांना पुन्हा पहिल्यापासून पाणी प्यावे लागले. प्रत्यक्ष यंत्राखाली काही मिनिटेच. दुखत नाही, भाजत नाही.

तिसऱ्या आठवड्यात जळजळ सुरू झाली, शौच पातळ झाले, दुपारी गाढ झोप येऊ लागली. गोळ्या मिळाल्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा बंद होऊन मऊ भात व ताक आले. येळवशीच्या दोन दिवस आधी आम्ही गावी परतलो. येळवस, म्हणजे आमच्याकडची वेळा अमावास्या, त्या दिवशी घरात राहणारा शेतकरी आमच्या भागात सापडावयाचा नाही. दादा शेतात आले, भज्जीला हात न लावता घोटभर आंबील घेतले, आणि तीनदा उठून बांधाआड गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मुलाला हाक मारून सांगितले, “माझी वाट पाहू नका, मला वेळ लागतो.” दोन वर्षांत त्यांनी स्वतःहून बोललेले हे पहिले वाक्य. दीड महिन्यात जळजळ गेली.

परंतु लपविण्याची खोड इतक्यात गेली नव्हती. उपचार संपून दीड वर्ष झाल्यावर शौचात रक्त दिसू लागले. रोग परत आला असे धरून दादांनी दोन महिने कोणास सांगितले नाही. आणि आठवडी बाजारातील एकाकडून मूळव्याध जाळून घेण्याचे ठरविले. त्याच्या आदल्या रात्री वहिनींचा फोन आला. दुर्बिणीने तपासल्यावर मलाशयाच्या पुढच्या भिंतीवरील नाजूक रक्तवाहिन्या दिसल्या. तो शेकाचाच उशिराचा परिणाम होता, रोग नव्हे. औषधी एनिमा घेऊन काही आठवड्यांत रक्त थांबले. डॉक्टर म्हणाले, “तेथे जाळले असते किंवा तुकडा काढला असता, तर न भरणारी जखम झाली असती.” वाचकहो, या लेखातील बाकी सारे विसरलात तरी चालेल, एवढे विसरू नका. ज्याने ओटीपोटास शेक घेतला आहे त्याने पुढे कोणत्याही डॉक्टरापुढे बसताना, मूळव्याधीसाठी असो की दुसऱ्या कशासाठी, ते आधी सांगावे. आणि रक्त दिसल्यास अंदाज न करता शेक दिलेल्या डॉक्टरांनाच दाखवावे.

विचारावयाचे प्रश्न

ज्यांच्या घरी हा प्रसंग येईल त्यांनी चिठ्ठीवर लिहून न्यावे : रोग कोणत्या जोखमीचा आहे, आणि लगेच उपचार न करता देखरेख ठेवणे शक्य आहे काय? शेक किती दिवसांचा, आणि त्याहून कमी दिवसांचा आम्हांस चालेल काय? क्षेत्र केवळ ग्रंथीचे की ओटीपोटाचेही? आज जो लघवीचा त्रास आहे तो शेकाने वाढेल काय? शौचाचा व दांपत्यजीवनाचा कोणता त्रास केव्हा येऊ शकतो? इंजेक्शने किती महिने? आणि वर्षा-दोन वर्षांनी काही झाल्यास दाखवावयाचे कोणाला? ‘आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक’चे कार्ड असल्यास कोणत्या रुग्णालयात चालते आणि शिफारसपत्र कोठून घ्यावे लागते, हेही निघण्यापूर्वीच विचारावे, राज्याची सीमा ओलांडल्यावर विचारून उपयोग नसतो.

सख्ख्या भावाला हा रोग झाला असता आपली जोखीम सुमारे दुप्पट होते, म्हणून आम्हीही डॉक्टरांशी बोलून पी.एस.ए. करून घेतली. ती तपासणी निर्णायक नव्हे. साधी ग्रंथीवाढ किंवा जंतुसंसर्ग यांनीही आकडा वाढतो. आमचा आकडा ठीक आला. पुन्हा केव्हा करावयाची तो महिना आम्ही वहीत लिहून ठेवला आहे.

दादांचा पी.एस.ए. आज अगदी खाली आहे. रात्री दोनदा उठतात, एक गोळी चालू आहे, शेताच्या बांधापर्यंतच काय, पलीकडच्या विहिरीपर्यंत चालत जातात. गेल्या महिन्यात आम्ही गावी गेलो तेव्हा ते पारावर बसले होते. शेजारी त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ गुडघ्याचे रडगाणे सांगत होते. दादांनी ते सारे ऐकून घेतले आणि चारचौघांत, मोठ्याने विचारले, “गुडघ्याचे राहू दे. रात्री किती वेळा उठतोस, ते सांग.”